ब्लिट्झचा डाव घड्याळासकट कसा वाचायचा

दोन तगड्या खेळाडूंचा तीन मिनिटांचा ऑनलाइन डाव पाहताना नवख्याला मोहरे भराभर हलताना दिसतात आणि शेवटी कुणीतरी जिंकलेलं दिसतं. मग तो डाव इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामला, दिला जातो, लाल-पिवळ्या खुणा मोजल्या जातात आणि 'एवढा मोठा ग्रँडमास्टर, तरी पाच ब्लंडर (घोडचुका)!' म्हणून विषय संपतो. अशा पाहण्यातून हाती काही लागत नाही. जलद डावात प्रत्येक चालीची किंमत पटावरही चुकवावी लागते आणि घड्याळातही. इंजिनला घड्याळ दिसत नाही. ते तुम्हालाच वाचावं लागतं, आणि ते वाचायची सवय लागली की तोच डाव वेगळा दिसायला लागतो.

हा लेख ज्यांना चाली लिहिता-वाचता येतात, स्वतः ऑनलाइन खेळतात, पण विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी बसून दाखवलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. एका डावाला साधारण तासभर लागतो. आठवड्याला दोन डाव नीट झाले तरी पुष्कळ आहे.

सामान

लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तर फोनही चालतो. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर खातं उघडा, ते पूर्ण मोफत आहे आणि विश्लेषणासाठी लागणारं सगळं तिथे मिळतं. डाव चेस डॉट कॉमवरचा असला तरी त्याची पीजीएन फाइल उतरवून लिचेसच्या विश्लेषण पटावर टाकता येते. शिवाय एक वही आणि एक खरा पट घ्या. गुंडाळता येणारा विनाइलचा पट आणि प्लॅस्टिकचे मोहरे पुरेत. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या स्पर्धा तुम्ही खऱ्या पटावरच खेळणार आहात. स्क्रीनवर दिसणारा डावपेच लाकडी मोहऱ्यांत दिसत नाही ही तक्रार फार जणांची असते, आणि सराव कुठे केला यातच तिचं कारण असतं.

पीजीएन म्हणजे डावाच्या चालींची साधी मजकुराची फाइल. तिच्यात मोहऱ्यांची इंग्रजी अक्षरं असतात: के राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट आणि एन घोडा. इंग्रजीत घोडा म्हणजे 'नाइट', तोही 'के'नेच सुरू होतो, पण ते अक्षर राजाने आधीच घेतलं. प्याद्याला अक्षरच नसतं, फक्त घराचं नाव.

पहिली पायरी: डाव निवडणं

सुरुवातीला बुलेट घेऊ नका. एक मिनिटाच्या डावात ४० चाली झाल्या तर चालीला सरासरी दीड सेकंद येतो. एवढ्यात विचार कमी आणि हाताची सवय जास्त असते. ३+० म्हणजे तीन मिनिटं, जादा वेळ नाही: ४० चालींना चालीमागे साडेचार सेकंद. ३+२ मध्ये प्रत्येक चालीला दोन सेकंद परत मिळतात (याला इन्क्रिमेंट म्हणतात), म्हणून ४० चालींसाठी एकूण २६० सेकंद, चालीमागे साडेसहा. नवख्याने ३+२ पासून सुरुवात करावी. यात खेळाडूंना शेवटपर्यंत थोडातरी विचार करता येतो, त्यामुळे चुकांमागची कारणं वाचता येतात.

डाव कुठून घ्यायचा? चेस डॉट कॉमवर मंगळवारी होणारी टायटल्ड ट्यूसडे ही किताबधारकांची, म्हणजे ग्रँडमास्टरसारखा किताब मिळालेल्यांची, ब्लिट्झ स्पर्धा असते. लिचेसवरही किताबधारकांच्या अरीना, म्हणजे ठरलेल्या वेळात लागोपाठ डाव खेळायच्या स्पर्धा, होतात. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख, केरळचा निहाल सरीन यांचे जलद डाव सहज सापडतात. निहाल तर लहानपणापासून त्याच्या वेगासाठीच ओळखला जातो. ओळखीच्या नावाचा डाव घेतला की लक्ष टिकतं, एवढाच त्यामागचा हेतू.

३० ते ४५ चालींचा, निकाल लागलेला डाव निवडा. दोघांच्या रेटिंगमध्ये फार अंतर नको. आणि एका संकेतस्थळाच्या रेटिंगची दुसऱ्याशी तुलना करू नका. दोन्हीकडचे आकडे वेगवेगळ्या गर्दीतून तयार झालेले असतात.

अरीनामधला डाव असेल तर सुरुवातीची घड्याळं आधी पाहा. लिचेसवर खेळाडू 'बर्सर्क' करू शकतो: स्वतःचा अर्धा वेळ सोडायचा, इन्क्रिमेंटही सोडायचं, आणि जिंकलं तर एक गुण जास्त. अशा ३+० डावात एकाकडे तीन मिनिटं आणि दुसऱ्याकडे दीड मिनिटच असतं. हे ध्यानात न घेता केलेलं सगळं विश्लेषण वाया जातं.

दुसरी पायरी: घड्याळासह फाइल उतरवणं

इथे बहुतेक जण पहिल्यांदा अडखळतात. लिचेसवर डावाखालच्या 'शेअर अँड एक्सपोर्ट'मध्ये दोन प्रकारची पीजीएन असते. 'रॉ' घेतलीत तर नुसत्या चाली येतात. 'अ‍ॅनोटेटेड' घेतलीत तर प्रत्येक चालीपुढे महिरपी कंसात त्या क्षणी उरलेली वेळ येते. आपल्याला दुसरी हवी. चेस डॉट कॉमवरून उतरवताना वेळेच्या नोंदी सुरू आहेत ना, हे बघून घ्या. तिथली नोंद सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत असते, लिचेसच्या फाइलमध्ये पूर्ण सेकंद असतात.

नोंदीतली वेळ ही चाल केल्यानंतर उरलेली असते. म्हणून एका चालीला किती वेळ लागला हे काढायचं तर आधीच्या चालीनंतरची वेळ घ्या, त्यातून या चालीनंतरची वेळ वजा करा आणि इन्क्रिमेंट मिळवा. समजा ३+२ च्या डावात काळ्याकडे १४ व्या चालीनंतर १:५२ होते आणि १५ व्या चालीनंतर १:३१. फरक २१ सेकंदांचा, त्यात दोन मिळवले की २३ सेकंद विचार केला. इन्क्रिमेंट मिळवायचं विसरलं की सगळे आकडे दोनने कमी येतात, आणि पटापट खेळलेल्या चालींना तर उणे वेळ येतो. उणे आकडा दिसला की समजावं, हीच चूक झालीय.

लिचेसच्या विश्लेषण पानावर प्रत्येक चालीच्या वेळेचा आलेखही मिळतो. तो बघायला हरकत नाही, पण पहिले चार-पाच डाव वहीत हाताने मांडा. चार रकाने पुरेत: चालीचा क्रमांक, पांढऱ्याला लागलेला वेळ, काळ्याला लागलेला वेळ, शेरा. १०, २० आणि ३० व्या चालीला दोघांची उरलेली वेळ ठळक लिहा.

लोकलमध्ये हे करणार असाल तर घरूनच फाइल उतरवून निघा. ठाण्याला गाडीत बसायला जागा मिळाली, तर तुर्भे येईपर्यंत पहिलं वाचन आरामात होतं, आणि मध्येच नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

तिसरी पायरी: इंजिन बंद ठेवून पहिलं वाचन

हे सगळ्यात अवघड आहे, कारण इंजिनचं बटण समोरच असतं. ते बंद ठेवा, कोण वरचढ ते दाखवणारी बाजूची उभी पट्टीही झाका. पट्टीने एकदा कौल दिला की तुमचे डोळे तेवढंच शोधत राहतात.

डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहा मिनिटांत पुढे न्या. प्रत्येक चालीला थांबू नका. तीन जागा शोधा: जिथे डावाची दिशा बदलली असं वाटलं, जिथे चाल समजलीच नाही, आणि जिथे तुम्ही वेगळं खेळला असता. या तीन जागांचे क्रमांक वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण लिहा. 'राजाची बाजू उघडी पडली', 'घोडा परत मागे का घेतला?', 'मी वजीरावजीरी केली असती'. चुकीचं लिहिलं तरी चालेल. नंतर इंजिन काय म्हणतं त्याच्याशी हे ताडून पाहायचं आहे, आणि तो ताळा तुमच्या समजुतीचा आहे.

चौथी पायरी: घड्याळ वाचणं

आता वेळेचा रकाना उघडा. तगड्या खेळाडूंच्या ब्लिट्झमध्ये वेळ सारखी वाटलेली नसते, ती गठ्ठ्यांत खर्च होते. शून्य सेकंदाची चाल म्हणजे बहुधा प्रीमूव्ह: समोरच्याची चाल व्हायच्या आधीच लावून ठेवलेली. एक-दोन सेकंद म्हणजे पाठ असलेली ओपनिंग, उघड परतफेड किंवा नजरेत बसलेला नेहमीचा डावपेच. पाच ते आठ सेकंद म्हणजे खरोखर गणित केलं. आणि १५ सेकंद? तीन मिनिटांच्या डावात तो एकूण वेळेचा बारावा हिस्सा आहे. एवढा वेळ कुणी उगाच देत नाही.

म्हणून १५ सेकंदांच्या वरच्या सगळ्या चालींना खूण करा. दोन्ही बाजू मिळून अशा चार-पाच निघतील. पहिल्या वाचनात तुम्ही निवडलेल्या तीन जागांशी त्या जुळतात का ते बघा. नवख्याच्या जागा बहुतेक वेळा एक-दोन चाली उशिराच्या असतात. तुम्हाला मोहरा पडला तिथे वळण दिसतं. खेळाडू त्याच्या तीन चाली आधीच थांबलेला असतो, कारण त्याला येणारं संकट तेव्हाच दिसलेलं असतं. हे अंतर मोजायला शिकणं हा या सगळ्या खटाटोपातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आहे.

लांब विचारानंतर काय झालं तेही पाहा. २५ सेकंद घालवून साधीच चाल आली, तर समजा की एखादं बलिदान किंवा फोड त्याने तपासली आणि सोडून दिली. ती कोणती असेल हे शोधायचा प्रयत्न करा. उलट, लांब विचारानंतर पुढच्या चार चाली एकेका सेकंदात आल्या तर त्याने पूर्ण मालिका आधीच मोजली होती. आणि लांब विचारानंतर पुन्हा लांब विचार आला, तर समोरच्याने अनपेक्षित उत्तर दिलं असं धरून चाला.

मग आघाडी बघा. दोघांकडे दोन-दोन मिनिटं असताना १५ सेकंदांचा फरक विशेष नाही. दोघंही ३० सेकंदांच्या आत आले की तोच फरक एखाद्या प्याद्याहून जड होतो, विशेषतः इन्क्रिमेंट नसेल तर.

ओपनिंग: कुठे पुस्तक संपलं

लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर्सचा संग्रह आणि लिचेसवरच्या डावांचा संग्रह वेगवेगळा आहे. दोन्हींत डाव पुढे न्या आणि पहिल्यांदा डावांची संख्या शून्यावर आली ती चाल लिहा. त्या चालीला लागलेला वेळ बघा. पुस्तक संपल्यावरही चाली एकेका सेकंदात येत असतील तर एकाची घरची तयारी चालू आहे. दुसऱ्याचा वेळ तिथेच जातो.

ब्लिट्झमध्ये मुद्दाम थोड्या कमअस्सल ओपनिंग खेळल्या जातात, हे इथे समजून घ्यायला हवं. आंतरराष्ट्रीय मास्टर एरिक रोझेन यांनी ऑनलाइन लोकप्रिय केलेला स्टॅफर्ड गॅम्बिट घ्या. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ चं प्यादं घेतलं, घोडा सी६ ४. घोड्याने सी६ चा घोडा घेतला, डी प्याद्याने परतफेड. काळ्याचं एक प्यादं गेलंय आणि इंजिन पांढऱ्याला स्पष्ट वरचढ म्हणतं. पण आता ५. डी३ उंट सी५ ६. उंट जी५?? ही सहज सुचणारी चाल आली की काळा घोड्याने ई४ चं प्यादं घेतो. ७. उंटाने डी८ वरचा वजीर घेतला तर उंट एफ२ वर प्यादं घेऊन शह, ८. राजा ई२, उंट जी४ मात. पट मांडून ही मात तपासा. राजाचं प्रत्येक घर कुणी अडवलंय हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मुद्दा असा की पांढऱ्याला बरोबर खेळायला प्रत्येक चालीला विचार करावा लागतो आणि काळ्याच्या चाली पाठ असतात. म्हणून अशा डावात 'ओपनिंगमध्ये काळा चुकला' एवढंच लिहून थांबू नका. १२ व्या चालीला घड्याळात किती अंतर पडलं तेही शेजारी लिहा.

पाचवी पायरी: हाताने गणित

तुमच्या आणि घड्याळाच्या मिळून चार-पाच जागांमधून तीन निवडा. खऱ्या पटावर मांडा. प्रत्येक जागी चार मिनिटं. आधी समोरच्याची धमकी काय हे सांगा, मग शह, मारामारी आणि धमक्या या क्रमाने दोन-तीन संभाव्य चाली लिहा, प्रत्येकीचं तीन चालींपर्यंतचं उत्तर लिहा. मोहरे हलवू नका, नजरेनेच मोजा. शेवटी एक चाल निवडून तिच्याखाली रेघ मारा. इंजिन लावायच्या आधी रेघ मारलेली असायलाच हवी, नाहीतर नंतर 'मला हीच सुचली होती' असं वाटायला लागतं.

सहावी पायरी: आता इंजिन

लिचेसवरचं स्टॉकफिश हे इंजिन ब्राउझरमध्येच चालतं. सेटिंगमध्ये तीन ओळी दिसतील असं ठेवा. एकच ओळ ठेवली तर 'हीच एक चाल होती' असा भ्रम होतो. तीन ठेवल्या की दिसतं, दोन चाली जवळजवळ सारख्याच चांगल्या होत्या. खोली, म्हणजे डेप्थ, २२-२४ च्या पुढे जाईपर्यंत थांबा. सुरुवातीचे आकडे उड्या मारतात. साध्या फोनवर याला वेळ लागतो आणि फोन तापतो, म्हणून सगळा डाव असा न चालवता फक्त निवडलेल्या जागांवर थांबा. पूर्ण डावासाठी सर्व्हरचं विश्लेषण मागवता येतं.

इंजिनचा आकडा साधारण प्याद्यांत मोजलेला असतो: अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. तो वाचताना घसरण किती आहे यापेक्षा ती कुठून कुठे झाली ते बघा. लिचेस आपल्या सूत्राने आकड्याचं जिंकण्याच्या शक्यतेत रूपांतर करतं. त्यात ० म्हणजे ५० टक्के, अधिक १ म्हणजे सुमारे ५९, अधिक ३ म्हणजे सुमारे ७५, अधिक ६ म्हणजे ९० आणि अधिक ९ म्हणजे ९६ च्या वर. म्हणजे अधिक ९ वरून अधिक ६ वर येणं ही जेमतेम सहा-सात टक्क्यांची गोष्ट आहे. ० वरून उणे ३ वर जाणं मात्र २५ टक्क्यांचं. आकड्यांतला फरक दोन्हीकडे तीनच, पण पहिल्याला बहुतेकदा चूकही म्हणता येत नाही. जिंकणारा खेळाडू वेळ कमी असताना मुद्दाम वजीरावजीरी करून साधा, निर्धोक शेवट निवडतो. इंजिनला ते आवडत नाही, पण माणसाने तेच करायला हवं असतं.

इंजिनच्या पहिल्या चालीचं कारण तुम्हाला दोन मिनिटांत कळलं नाही तर दुसरी ओळ बघा. तीही कळली नाही तर ती जागा सोडा. पाचशे रेटिंग वरच्या खेळाडूलाही न सुचणारी चाल पाठ करून तुमचा खेळ सुधारत नाही.

सातवी पायरी: चुकीचं कारण

आता प्रत्येक मोठ्या घसरणीपुढे कारण लिहा. सहसा ते पाचांपैकी एक असतं: माहीत नव्हतं, दिसलं नाही, मोजताना चुकलं, वेळ नव्हती, हात चुकला. घड्याळ बाजूला असल्याशिवाय हे ठरत नाही. एकाच चालीला दोन मिनिटं शिल्लक असताना आणि नऊ सेकंद शिल्लक असताना वेगळं नाव द्यावं लागतं. २० सेकंद विचार करून आलेली चूक ही मोजण्यातली चूक असते. एका सेकंदात आलेली चूक ही बहुधा न पाहता खेळलेली.

प्रीमूव्हच्या चुका वेगळ्या ओळखा. त्यांचं उत्तम उदाहरण कारो-कानमध्ये आहे: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३, डी प्याद्याने ई४ घेतलं ४. घोड्याने ई४ घेतलं, घोडा डी७ ५. वजीर ई२. काळ्याची नेहमीची पुढची चाल म्हणजे जी८ चा घोडा एफ६ वर. ती प्रीमूव्ह लावलेली असेल तर ६. घोडा डी६ आणि मात! ई७ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण ई२ च्या वजीरासमोर ते राजाला बांधलेलं आहे.

बुलेटमध्ये याच सवयीवर पैज लावली जाते. १. डी४ जी६ २. उंट एच६. बघताना ही निव्वळ घोडचूक आहे. एफ८ चा उंट किंवा जी८ चा घोडा तो उंट फुकट घेतो आणि इंजिन दोन प्रश्नचिन्हं टाकतं. पण काळ्याने उंट जी७ ही चाल आधीच लावून ठेवली असेल तर पांढरा उंटाने उंट घेतो आणि एच८ चा हत्तीही धोक्यात येतो. असं कुठे दिसलं तर 'ब्लंडर' लिहू नका, 'प्रीमूव्हवर पैज' असं लिहा. लिचेसवर एका वेळी एकच प्रीमूव्ह लावता येते आणि तिला वेळ लागत नाही. चेस डॉट कॉमवर अनेक लावता येतात आणि प्रत्येकीला ०.१ सेकंद कापला जातो. शेवटच्या पाच सेकंदांत कोण किती चाली काढू शकेल याचा हिशेब यावरच असतो.

माऊस स्लिप ओळखायची खूण: केलेली चाल निरर्थक असते, पण शेजारच्या घरात तोच मोहरा गेला असता तर चाल अगदी योग्य ठरली असती. वजीर एच५ ऐवजी जी५ वर थांबला, तर हात सुटला. फोनवर हे जास्त होतं. अशा चालीवर विश्लेषण खर्च करू नका.

शेवटची धांदल

दोघांकडे १५ सेकंदांहून कमी उरल्यावरचा भाग वेगळा हाताळा. इथे इंजिनचा आलेख डोंगररांगेसारखा वरखाली होतो आणि त्याचा अर्थ लावायला गेलं तर गोंधळच वाढतो. तीनच प्रश्न विचारा. राजा सुरक्षित कुणाचा होता, म्हणजे शह देत देत वेळ कुणाला काढता आली? ज्याच्या चाली आपोआप सुचतात अशी बाजू कुणाची होती? आणि इन्क्रिमेंट होतं का?

तिसऱ्याचं महत्त्व हत्तीच्या शेवटात कळतं. फिलिडोरची बचावाची रचना घ्या: पांढऱ्याचा राजा डी५ वर, प्यादं ई५ वर, हत्ती ए७ वर, काळ्याचा राजा ई८ वर आणि हत्ती बी६ वर. काळ्याने हत्ती सहाव्या ओळीवर इकडून तिकडे हलवत राहायचा, प्यादं ई६ वर आलं की हत्ती पहिल्या ओळीत नेऊन मागून शह द्यायचे. बरोबरी पक्की. सात किंवा कमी मोहऱ्यांच्या स्थितीत लिचेस टेबलबेसमधून (आधीच पूर्ण सोडवून ठेवलेल्या स्थितींच्या संग्रहातून) अचूक निकाल दाखवतं, त्यामुळे इथे अंदाजाचा प्रश्नच नाही. काळ्याने घाईत हत्ती लवकर खाली नेला तर पांढरा राजा सहाव्या ओळीत शिरतो. तरीही अनेकदा बरोबरी सुटत नाही, पण आता काळ्या राजाला अरुंद बाजूला, ई प्याद्यासाठी एफ-जी-एचकडे, पळावं लागतं आणि हत्तीला रुंद बाजूने शह द्यावे लागतात. टेबलबेस आधीही बरोबरी म्हणत होता आणि आताही म्हणतो. चार सेकंद शिल्लक असलेल्या माणसासाठी मात्र पहिलं काम डोळे मिटून होणारं होतं, दुसरं नाही. वहीत लिहायचं ते हे.

३+० मध्ये प्यादी संपलेल्या, बरोबरीच्या स्थितीतही १२ सेकंदांचा खेळाडू हरू शकतो. ५० चालींच्या नियमापर्यंत पोहोचायला चालीमागे अर्धा सेकंद धरला तरी २५ सेकंद लागतात. म्हणून अशा जागी हत्ती देऊन समोरचा शेवटचा मोहरा उडवणं योग्य ठरतं: समोरच्याकडे मात देण्याइतकं बळच उरलं नाही तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो.

निकालाची नोंदही तपासा. 'वेळ संपल्याने हरला' यात घड्याळ खरंच संपलं, की जोडणी तुटली? शेवटच्या चालीपर्यंत वेळ भरपूर होती आणि मग एकदम शून्य झाली, तर नेट गेलं. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको; जागतिक स्तरावरही ते घडतं. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली, वेळ संपून दोघांचे डाव गेले, आणि नंतर फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते जाहीर केलं. अशा डावाच्या निकालातून खेळाबद्दल काही शिकता येत नाही, आधीच्या चालींतून मात्र येतं.

एका गोष्टीबद्दल सावधगिरी

डावाची अचूकता ९७ टक्के दिसली म्हणून 'इंजिन लावलं' असा आरोप कधीही करू नका. २२ चालींचा डाव, त्यातल्या १४ पाठ, पुढच्या पाच सक्तीच्या परतफेडी, तर अचूकता वर जाणारच. चालू डावात इंजिन लावणं ही फसवणूक आहे, आणि ती पकडायची यंत्रणा संकेतस्थळांकडे असते. संशय आला तर तक्रारीचं बटण दाबा आणि गप्प राहा. कुणाचं नाव घेऊन गटावर लिहिण्याने एखाद्या निरपराध मुलाला फार मोठा त्रास होऊ शकतो.

लिहून ठेवणं, आणि दोघा-तिघांनी बसणं

लिचेसवर 'स्टडी' उघडा, एका डावाला एक प्रकरण. एका स्टडीत ६४ प्रकरणं बसतात. निवडलेल्या तीन जागांवरच मराठीत शेरे लिहा: मला काय वाटलं, घड्याळ काय सांगत होतं, इंजिनने काय दाखवलं. तिन्ही वेगळ्या ओळींत. मालिका दोन-तीन चालींपेक्षा लांब नको. आठ चालींची इंजिनची ओळ चिकटवलेली स्टडी परत कुणी उघडून पाहत नाही.

नौपाड्यात कुणाच्या घरी किंवा खारघरला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी तिघं जमत असाल तर कामं वाटून घ्या. एकाने लॅपटॉप धरायचा. इंजिन आणि घड्याळाचा रकाना फक्त त्याच्याकडे. बाकी दोघांनी पटावर बसायचं, एकाने पांढरा, एकाने काळा. लांब विचाराच्या जागी आलं की लॅपटॉपवाल्याने 'थांबा' एवढंच म्हणायचं आणि खेळाडूने जितके सेकंद घेतले तितकेच मोजून द्यायचे. २३ सेकंदांत चाल सांगायची. मग पुन्हा तीच जागा, चार मिनिटं देऊन. दोन उत्तरं वेगळी आली तर त्या स्थितीत वेळ देणं सार्थ होतं, आणि सारखीच आली तर त्या खेळाडूने घड्याळ वाया घालवलं असावं. तिघांत सगळ्यात लहान मुलाला लॅपटॉप देऊ नका, त्याला पटावर बसवा. पुढच्या डावाला भूमिका बदला.

पुढचा डाव निवडताना त्याच दोघांचा, रंग उलटे असलेला घ्या. पहिल्या डावात ज्याचा वेळ ओपनिंगमध्ये गेला, तो तीच ओपनिंग टाळतो का, की घरून तयारी करून येतो, हे पहिल्या दहा चालींच्या वेळांवरूनच कळतं.